‘माणूस ठेवला आहे’

बारामतीच्या किंवा इंदापूरच्या एखाद्या सुखवस्तू घरी कोणी अंथरुणास खिळलेले असावे, आपण समाचारास जावे, चहा यावा, आणि घरच्या कर्त्या पुरुषाने ‘आता काळजी नाही, माणूस ठेवला आहे’ असे सांगून विषय बदलावा, हा क्रम आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. ‘माणूस ठेवला आहे’ ह्या तीन शब्दांचे व्याकरण वाचकांनी क्षणभर पाहावे. ठेवणारा कोण, ते वाक्यात नाही. पण तो बोलणाराच आहे हे उघड आहे. ठेवलेला कोण, त्यास नाव नाही. तो नुसता ‘माणूस’ आहे. आणि ज्याच्यासाठी हे सर्व चालले आहे, तो पलीकडच्या खोलीत पडून हे बोलणे ऐकत असतो. त्याचा तर ह्या वाक्यात मागमूसही नाही. ठेवण्यापूर्वी त्यास कोणी विचारले होते काय? आमचा अनुभव असा आहे, की शंभरांत नव्वद ठिकाणी विचारलेले नसते, आणि उरलेल्या दहा ठिकाणी विचारून झाल्यावर आपल्याच मनाचे केलेले असते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: ज्याच्या अंगाला त्या माणसाचा हात लागावयाचा, तोच त्या माणसाचा मालक असला पाहिजे. निवड त्याने करावी, शिकवावे त्याने, कामाच्या वेळा त्याने ठरवाव्या, आणि पगार त्याच्या हातून, निदान त्याच्या शब्दावरून, दिला जावा. हे जोपर्यंत घडत नाही, तोपर्यंत अपंगाची आणि त्याच्या परिचारकाची अशी दोघांचीही अप्रतिष्ठा होत राहणार.

ही गरज ह्या दोन तालुक्यांत नवी नव्हे. ती मोकळेपणाने मान्य करण्याची पाळी मात्र अलीकडची. नीरा डाव्या कालव्यावर आणि उजनीच्या फुगवट्यावर ज्या घरांनी ऊस केला, त्या घरांतील मुले शिकली, पुण्यास गेली, काही परदेशी गेली. सुना शाळांत, बँकांत, औद्योगिक वसाहतीत नोकरी करू लागल्या. आणि जेथे चौसोपी वाडा होता तेथे बंगला उभा राहून त्यात दोन म्हातारी माणसे उरली. एकीकडे घरातील हात असे कमी झाले. दुसरीकडे ज्यांना ते हात हवेत त्यांचे आयुष्य वाढले. पाठीचा कणा मोडलेला मनुष्य पूर्वी शय्याव्रणांनी किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने लवकरच दगावत असे. आज पुणे-सोलापूर रस्त्यावर मोटारसायकलवरून पडलेला तरुण योग्य शुश्रूषा मिळाली तर पुढे तीस-चाळीस वर्षे जगतो. जन्मतः सेरेब्रल पाल्सीने जखडलेली लेकरे पंचविशी ओलांडतात, आणि तोपर्यंत त्यांच्या आयांचेही वय वाढलेले असते. लहानपणी पोलिओ होऊन गेलेले, जन्मभर कुबड्यांवर हिंडलेले गृहस्थ उतारवयात खांदे निकामी होऊन प्रथमच दुसऱ्याच्या हाताची वाट पाहू लागतात. ह्या सर्वांस रोज सकाळी उठवावयाचे कोणी?

‘घरचे माणूस करील’ हे आमच्या समाजाचे ठरलेले उत्तर. हे ‘घरचे माणूस’ व्याकरणात नपुंसकलिंगी असले तरी व्यवहारात ते सदैव स्त्रीलिंगी असते, हे सांगावयास नको. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीत, म्हणजे जुलै ते डिसेंबर २०१८ ह्या काळात, देशातील अपंगांची जी मोजदाद झाली तीत असे आढळले, की त्यांच्यापैकी ६२.१ टक्क्यांस काळजी घेणारे कोणी आहे, ३७.७ टक्क्यांस त्याची गरज नाही, आणि गरज असूनही कोणी नाही असे लोक अवघे ०.३ टक्के आहेत. हे आकडे वाचून एखाद्यास वाटावे, की ह्या देशात हा प्रश्न सुटलेलाच आहे! परंतु ‘कोणी आहे’ एवढेच त्या आकड्यात आहे. जी आहे ती गेल्या महिन्यात किती रात्री सलग झोपली, तिची नोकरी सुटली काय, उचलून उचलून तिची स्वतःची पाठ कशी झाली आहे, ह्याचा त्यात पत्ता नाही. आणि जिची किंवा ज्याची काळजी घेतली जाते त्यास ती कोणाच्या हातून घेतलेली आवडली असती, हा प्रश्न तर अजून कोणत्याच मोजणीदारास सुचलेला दिसत नाही.

ह्यावर आमचे सनातनी मित्र म्हणतात, ‘माया विकत मिळत नाही.’ मिळत नाही हे खरेच. पण ती विकत मागितली कोणी आहे? मागणी आहे ती दर दोन तासांनी कूस बदलून देण्याची. माया गजर लावून उठत नाही. उठते ती पहिले दोन महिने, फार तर पहिले वर्ष. त्यानंतर उठते ते कर्तव्य, आणि कर्तव्यामागून हळूच कंटाळा येतो. त्या कंटाळ्याची लाज वाटून ती सुने-मुलींच्या बोलण्यात निराळ्याच वाटेने बाहेर पडते. पत्नी दिवसाचे चौदा तास परिचारिका झाली, की तिचे पत्नीपण मागे पडते. नवऱ्याशी भांडण्याचा तिचा हक्क जातो, कारण लुळ्या मनुष्याशी भांडणे शोभत नाही; आणि त्याचाही जातो, कारण जिच्या हाताने पाणी प्यावयाचे तिच्यावर रागावून भागत नाही. दोघांमध्ये पगारी तिसरे माणूस आले, म्हणजे ती दोघे पुन्हा नवरा-बायको होऊ शकतात. माणूस ठेवणे म्हणजे नातलगांनी हात झटकणे, असे जे समजतात त्यांनी अशा घरी एक आठवडा राहून पाहावे. पाहुणे म्हणून नव्हे, रात्रीच्या पाळीस.

आता हे काम कसले आहे तेही पाहिले पाहिजे. कारण ‘त्यात काय आहे, उचलायचे आणि ठेवायचे’ अशी एक समजूत सुशिक्षितांतही आहे. ज्याच्या अंगाला स्पर्श कळत नाही, त्याच्या माकडहाडावर, खुब्यांवर, टाचांवर काही तास सतत दाब पडला तर तेथील रक्तप्रवाह थांबून कातडी मरू लागते. आरंभी दिसतो तो नुसता लाल डाग, दाबला तरी न मावळणारा. तो ज्या सकाळी दिसला त्याच सकाळी ओळखला तर काही दिवसांत जातो, न ओळखला तर हाडापर्यंत जाणारी जखम होते आणि ती भरावयास महिनेच्या महिने लागतात. खाटेवरून चाकाच्या खुर्चीवर घेताना काखेत हात घालून ओढले, तर लुळा खांदा सांध्यातून निसटतो. गिळण्यास त्रास असणाऱ्यास आडवे ठेवून भरवले, तर घास श्वासनलिकेत जातो. मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात कण्यास इजा झालेल्या मनुष्याचे डोके एकाएकी फुटेल असे दुखू लागले, चेहऱ्यावर घाम सुटला आणि रक्तदाब चढला, तर त्याचे मूळ पुष्कळदा मूत्राशयात असते: लघवीची नळी कोठेतरी मुडपलेली किंवा तुंबलेली असते. अशा वेळी त्यास ताबडतोब उठवून बसते करावयाचे आणि नळी तपासावयाची; उशीर झाला तर जिवावर बेतते. हे ठाऊक नसलेला मदतनीस बिचारा कपाळावर बाम चोळीत बसतो.

ह्या सर्व ज्ञानाचा साठा कोठे असतो? डॉक्टरांपाशी त्याचा काही भाग असतो. पण ते महिन्यातून एकदा भेटणार. ब्यूरोवाल्यापाशी बहुधा काहीच नसतो. अमुक कुशीवर अर्ध्या तासात दुखू लागते, पोट साफ होण्यास सकाळी किती वेळ लागतो, गरम पाणी कोणत्या पायास कळते आणि कोणत्या पायास कळत नाही, हे ज्याच्या शरीराचे आहे त्यासच माहीत असते. मग त्यास गुरू न करता त्यास गाठोडे समजून दुसऱ्याच्या हवाली करणे ह्याहून मोठा मूर्खपणा तो कोणता?

‘जो स्वतःच्या हाताने माशी हाकू शकत नाही, तो काय मालकी गाजवणार?’ असा प्रश्न आम्हांस विचारण्यात येतो. उत्तर इतिहासाने देऊन ठेवले आहे. एड रॉबर्ट्स हा अमेरिकन तरुण पोलिओने मानेखाली लुळा झाला होता आणि त्यास श्वासासाठी लोखंडी यंत्रात झोपावे लागे. १९६२ साली तो बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी तेथे आले, आणि ते आपले मदतनीस आपणच पारखून ठेवू लागले व नको झाल्यास आपणच काढू लागले. त्या धडपडीतूनच १९७२ साली तेथे ‘स्वतंत्र जीवन केंद्र’ निघाले. कॅलिफोर्नियाच्या ज्या सरकारी खात्याने रॉबर्ट्सला पूर्वी नोकरीस निरुपयोगी ठरविले होते, त्याच खात्याचा तो १९७५ साली प्रमुख झाला. स्टीफन हॉकिंगचे नाव तर आमच्या शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. परंतु १९८५ साली त्याच्या घशास छिद्र पाडावे लागल्यावर त्यास अहोरात्र परिचारिका लागत होत्या आणि त्यांचा खर्च एका अमेरिकन निधीने उचलला, म्हणून पुढील ग्रंथ निघाले, ही गोष्ट त्याची तसबीर भिंतीवर लावणाऱ्यांस क्वचितच आठवते. स्वीडनने १९९३ साली कायदा करून मदतनिसाचा पैसा अपंगाच्याच हाती देण्याची सोय केली. त्यामागील विचार साधा आहे: ज्याच्या हातून पगार येतो, त्याचे मदतनीस ऐकतो.

हे सारे परदेशी, असे कोणी म्हणेल तर त्याने कोल्हापूरकडे पाहावे. नसीमा हुरजूक ह्यांचे कमरेखालचे शरीर ऐन किशोरवयात लुळे पडले. त्यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली, १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली, आणि आपली कहाणी ‘चाकाची खुर्ची’ ह्या आत्मचरित्रात सांगितली. खुर्चीत बसलेली एक बाई वसतिगृह चालवू शकते, बांधकामावर देखरेख ठेवू शकते, नोकरांस पगार देऊ शकते. तर इंदापुरातला खुर्चीत बसलेला पदवीधर आपली सकाळची अंघोळ सहा वाजता हवी की आठ वाजता, हे ठरवू शकत नाही काय?

बरे, नोकर कसा ठेवावा हे आमच्या भागास कळत नाही असेही नाही. उलट ह्या विद्येत आम्ही महाराष्ट्रास धडे द्यावे! पाडव्याला सालगड्याचे साल ठरते तेव्हा बागायतदार किती बारकाईने बोलतो ते पाहा. रोख किती, धान्य किती, कपड्यांचे जोड किती, उचल किती आणि ती कशी फेडावयाची, खाडा पडला तर काय, बायको कामावर येणार की नाही. मागील मालकाकडून का सुटला, हेही दोन गावे फिरून कळवून घेतो. ऊसतोडीच्या टोळीस उचल देताना मुकादमाशी होणारी बोलणी तर विचारूच नका. आणि हाच सद्गृहस्थ आपल्या वडिलांसाठी किंवा पांगळ्या भावासाठी माणूस आणावयाचा म्हटला, की पुण्यातील एखाद्या ब्यूरोस फोन करून ‘उद्या एक माणूस पाठवा’ एवढेच सांगतो. दुसऱ्या दिवशी बारामतीच्या स्टँडवर पिशवी घेऊन जो उतरतो त्यास रोग्याचे नाव माहीत नसते, रोग माहीत नसतो. घरच्यांस त्याच्या हाती ब्यूरोचा वाटा वजा जाऊन काय पडणार हे माहीत नसते. आणि ज्याच्या खोलीत तो रात्रंदिवस राहणार, त्यास तर तो दारात उभा राहीपर्यंत कोणी काही सांगितलेले नसते. बैलाची जोडी करताना दोन बैल एकमेकांस मानवतात की नाही, हे आम्ही आठवडाभर पाहतो.

नेमणुकीनंतरची कथा ह्याहून शोचनीय. आलेल्या बाईस पहिल्याच दिवशी ‘मावशी’ म्हणावयाचे, आणि ‘तुम्ही आता घरच्यासारख्याच’ असे सांगावयाचे, ही आमची रीत. हा शब्द आम्हांस पराकाष्ठेचा ढोंगी वाटतो. घरच्यासारखी म्हणून तिला रजा नाही, कारण घरच्यास कोठे रजा असते? घरच्यासारखी म्हणून जाता जाता भाकरी टाकावी, भांडी विसळावी, नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत पोचवावे. परंतु घरच्यासारखी म्हणून तिचा कप मात्र घरच्या कपांत नसतो. तो खिडकीत उपडा घातलेला असतो, आणि नेमताना तिचे आडनाव कशासाठी विचारले होते हे तिलाही कळते व आम्हांसही कळते. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ती जी भाकरी टाकते तो वेळ कोणाचा असतो? खाटेवरच्या मनुष्याचा. तिच्या १२ तासांची किंमत त्याच्या नावाने दिलेली असते, आणि ते तास घरातील प्रत्येकजण चिमूट-चिमूट उचलून नेतो. तो मात्र भांड्यासाठी हाक मारून गप्प बसतो, कारण ‘आत्ताच तर दिले होते’ हे ऐकण्याची त्यास धास्ती असते. काम आणि वेळ कागदावर लिहिलेली असती, तर ही चोरी उघडी पडली असती. लिहीत नाहीत ते म्हणूनच, असा आमचा तर्क आहे.

चोवीस तासांचे माणूस हा तर शुद्ध अघोरी प्रकार आहे. रात्रीतून चार वेळा उठून कूस बदलणारा मनुष्य दिवसा केव्हा झोपणार, हे ठरविल्यावाचून त्यास चोवीस तास ठेवणे म्हणजे रोग्यासही दिवसभर झोपाळू हाताखाली ठेवणे होय. एक मनुष्य दिवसाचा, एक रात्रीचा, आणि आठवड्याच्या सुट्टीस आधीच शिकवून ठेवलेला तिसरा, एवढी सोय जेथे खरी गरज आहे तेथे झालीच पाहिजे. परवडत नसेल तर तास कमी करावे, उरलेले घरातील पुरुषांनीही वाटून घ्यावे. पण दोन माणसांचे काम एकाकडून काढून त्यास मावशी-मामा म्हणू नये.

मग एक दिवस मावशी सुटून जाते, आणि सर्वत्र तिच्या बेइमानीची चर्चा होते. ‘इतके केले तिच्यासाठी, जुन्या साड्या दिल्या, आणि पाचशे जास्त मिळाले म्हणून गेली!’ असे म्हणणारे गृहस्थ गळिताच्या हंगामात माळेगाव काय दर देतो, सोमेश्वर काय देतो, भवानीनगरास काय पडेल, ह्याचा हिशेब बोटांवर करीत असतात, आणि चार पैसे जास्त देणाऱ्याकडे ऊस गेला तर त्यास व्यवहारचातुर्य म्हणतात. श्रम विकणारीने तोच हिशेब केला, की ती कृतघ्न! जाण्यापूर्वी महिनाभर सांगावे, नव्या माणसास चार दिवस बरोबर राहून शिकवावे, आणि त्याबद्दल तिला ठरलेली रक्कम जास्त मिळावी, असे पहिल्याच दिवशी ठरलेले असेल तर ती सांगून जाईल. न ठरविता अपेक्षा करणाऱ्यास बेइमानीची तक्रार करण्याचा अधिकार नाही.

स्त्रियांचा प्रश्न ह्यात निराळा आहे, आणि तो लाजेखातर टाळून चालणार नाही. अपंग मुलीच्या अंगास हात लावणारे माणूस कोण असावे, हे तिच्या भावाने ठरवावे ही गोष्टच आम्हांस असह्य वाटते. तिने नको म्हटले तर कारण न विचारता ते माणूस बदलले पाहिजे. कारण पुष्कळदा कारण सांगण्यासारखे नसते. उलटपक्षी, परक्याच्या घरी रात्री राहणाऱ्या परिचारिकेसही घरातील पुरुषांपासून भय असू शकते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकामगार स्त्रीसही लागू आहे आणि तिची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीपुढे जाऊ शकते, ही माहिती किती घरांनी तिला दिली असेल? तिच्या आधारकार्डाची प्रत मात्र पहिल्याच दिवशी घेतलेली असते.

आम्ही येथे अपंगाची बाजू डोळे झाकून घेतो असे कोणी समजू नये. ज्याचे वर्षानुवर्षे कोणी ऐकले नाही, त्याच्या हाती एकच मनुष्य सापडला म्हणजे तो सर्वांचा राग त्या एकावर काढतो. शिव्या देणारे, पाणी मुद्दाम सांडणारे, रात्री अकारण दहा वेळा उठविणारे रोगी आम्ही पाहिले आहेत. मालकी म्हणजे मनमानी नव्हे. ज्यास पगार द्यावयाचा त्याच्याशी सभ्यतेने बोलणे, चूक सांगताना चारचौघांत न सांगणे, त्याच्या जेवणाच्या वेळी हाक न मारणे, हा मालकाचा धर्म खाटेवरच्या मालकासही सुटत नाही. ती सवय लागते ती मालकी हाती आल्यानेच. आणि ज्याची बुद्धी किंवा वाचा चालत नाही त्याचे काय? त्याचीही आवड-निवड असते. कोणाच्या हातून तो शांतपणे जेवतो आणि कोणी आले की अंग आखडून घेतो, हे डोळे उघडे ठेवणाऱ्यास दिसते. त्याच्या वतीने बोलणाऱ्याने निदान तेवढे तरी पाहावे.

राहता राहिला पैसा. ज्यांच्या घरी लग्नात मांडवावर आणि जेवणावळीवर लाखो रुपये उडतात, त्यांनी हे कारण पुढे करू नये. त्यांच्याशी आम्हांस अधिक बोलावयाचे नाही. पण उसाच्या ट्रॉलीवरून पडून कणा मोडलेल्या मजुराच्या घरी हा प्रश्न खरोखरच पैशाचा आहे, आणि तेथे आमचा वाद सरकारशी आहे. परिचारकाची किंमत सरकारास मोजता येत नाही असे नाही. खडकीस १९७४ पासून कणा मोडलेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. कर्तव्य बजावताना शंभर टक्के अपंग होऊन सर्वस्वी दुसऱ्यावर अवलंबून राहिलेल्या सैनिकास, तसेच केंद्र सरकारच्या सेवकास, निवृत्तिवेतनाबरोबर सतत परिचर्येचा भत्ता मिळतो. सर्वोच्च न्यायालयानेही ही किंमत मोजली आहे. ट्रॅक्टरवरून आईबापांबरोबर जाणाऱ्या एका बारा वर्षांच्या मुलीस २००७ साली ट्रकने धडक दिली आणि ती जन्माची परावलंबी झाली. तिच्या दाव्यात फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने असे ठरविले, की तिला एक नव्हे, दोन परिचारक लागतील. प्रत्येकी महिना ५,००० रुपये धरून १८ वर्षांच्या गुणकाने ह्या एकाच बाबीचे २१ लाख ६० हजार रुपये तिला द्यावे. सैनिक असेल, किंवा धडक देणाऱ्या ट्रकचा विमा असेल, तर परिचारक ही गरज ठरते. झाडावरून पडला, विहिरीत पडला किंवा तसाच जन्मला, तर ते त्याचे नशीब! हा न्याय कोणता?

कायदा तर ह्याहून पुढे गेलेला आहे. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात वैयक्तिक साहाय्याचा उल्लेख आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या ५ व्या कलमात वय आणि स्त्री-पुरुषभेद लक्षात घेऊन असे साहाय्य देण्याचे म्हटले आहे, २४ व्या कलमात अधिक आधाराची गरज असणाऱ्यांस काळजीवाहकासाठी भत्ता सांगितला आहे, आणि ३८ व्या कलमाने असा आधार मागण्याचा अर्ज करता येतो. प्रत्यक्षात गरिबाच्या हाती पडते ते संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान. ते २०२५ साली दिव्यांगांसाठी महिना १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आले. वाढ झाली हे चांगलेच. परंतु त्यात औषध घ्यावे, पोट भरावे की माणूस ठेवावे? तेवढ्यात मदतनिसाची आठवड्याची मजुरीही भागत नाही. साहित्यवाटपाचे मेळावे होतात, तीनचाकी मिळते, खुर्ची मिळते, छायाचित्र निघते. खाटेवरून त्या खुर्चीत बसविणारा हात कोणत्याच मेळाव्यात वाटला जात नाही, आणि म्हणून गावोगाव त्या नव्या कोऱ्या खुर्च्यांवर गोधड्या वाळत असतात. २०१५ च्या अखेरीपासून अपंगाचा ‘दिव्यांग’ झाला. अंगास दिव्यत्व देण्यास खर्च येत नाही.

परिचारकाच्या बाजूनेही कायदा तितकाच तोकडा आहे. घरकामगारांच्या हक्कांविषयीचा २०११ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने स्वीकारलेला नाही. घरकामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करण्यास समिती नेमा, असे सर्वोच्च न्यायालयास जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारला सांगावे लागले. ज्या देशात हाताखालच्या माणसाचे तास मोजले जात नाहीत, तेथे त्याच्यावर अवलंबून असलेल्याची सुरक्षितताही मोजली जात नाही.

मग येथे, ह्या दोन तालुक्यांत, काय करता येईल? पुष्कळ करता येईल, आणि त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगरपरिषदेने आपल्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठी खर्च करावयाचे असतात. सारख्या रकमा वाटून वर्षाखेर पावत्या जुळविणे हा त्यातून मोकळे होण्याचा सोपा मार्ग आहे. त्याऐवजी शेजारच्या दहा-बारा गावांनी मिळून एक नोंदवही ठेवावी, काम करू इच्छिणाऱ्या स्त्री-पुरुषांस शिकवून त्यांची नावे तीत घालावी, आणि कोणाचे माणूस रजेवर गेले असता पाठवावयाचे एक बदली माणूस ह्या निधीतून पगारावर ठेवावे. शिकवावयास बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, दोन्ही गावांत उपजिल्हा रुग्णालये आहेत. आणि कूस कशी बदलावी, खुर्चीत कसे घ्यावे, हे दाखविण्यास जे गेली वीस वर्षे ह्या देहात राहत आहेत त्यांच्याहून चांगला शिक्षक मिळणार नाही. त्या शिकविण्याबद्दल त्यांस मानधन द्यावे. वर्षाचे अंदाजपत्रक ग्रामसभेपुढे येते, आणि ग्रामसभा बहुधा देवळाच्या पायऱ्या चढून जावे लागते अशा जागी भरते. तेव्हा ज्यांना तेथे पोचता येत नाही त्यांच्या खाटेपाशी सरपंचाने आणि ग्रामसेवकाने सभेपूर्वीच जावे, निधी कशावर खर्चावा हे विचारावे, आणि ते काय म्हणाले ते सभेच्या इतिवृत्तात त्यांच्या नावानिशी लिहून घ्यावे.